हवानात मी धरलेलं सुतक

बसा, चहा टाकलाय. तो येईस्तोवर एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी एका धडधाकट म्हातारीला मारलंय. हातांनी नाही हो, तोंडाने. आणि तेही इथे भिवंडीत नाही, पार क्युबात जाऊन. मारून तरी गप्प बसावं ना माणसाने? तर नाही. तिच्या नावाने पिठलं-भात रांधून तिच्याच सख्ख्या लेकीला वाढला.

हसताय काय? पुढचं ऐका, मग हसा.

आधी तुमच्या मनातला प्रश्न घेतो. भिवंडीजवळच्या कोन गावचा माणूस क्युबात कशाला कडमडला? आमच्या गावातून माणूस एकतर कल्याणला जातो, नाहीतर भिवंडीला. तिसरा रस्ताच नाही. पण माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॅनडात असतो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तिथली माणसं थंडीला वैतागली की विमानात बसतात आणि क्युबाच्या समुद्रावर जाऊन पडतात. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्हीपण चला, मोठ्या हॉटेलात राहू, दिवसभर पाण्यात डुंबू.

मी म्हटलं, खाडीच्या काठी जन्मलेल्या माणसाला तू पाणी काय दाखवतोस? मला माणसं दाखव.

हा रुबाब कुठून आला, तेही सांगतो. आमच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली तेव्हापासून भाडं घरी चालत येतं. हातांना काम नाही, डोक्याला तर त्याआधीपासूनच नव्हतं. मग मी भिवंडीतल्या एका साप्ताहिकात लिहायला लागलो. संपादकाला पान भरायचं असायचं, मला दिवस भरायचा असायचा, दोघांचं छान जमलं. निघताना मी त्याला शब्द देऊन आलो होतो. क्युबातल्या साध्या माणसांच्या घरात राहीन, ती काय खातात, कशावर भांडतात, कशावर हसतात, सगळं भिवंडीकरांना सांगेन.

आणि माझा दुसरा उद्योग म्हणजे मयत. दचकू नका. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, कुणी गेलं की पहिला फोन त्यालाच जातो. बांबू कुठून आणायचे, लाकडं किती लागतील, कोणत्या नातेवाइकासाठी थांबायचं आणि कोणाला सोडून निघायचं, हे त्यालाच कळतं. कोनमध्ये तो माणूस मी. रडण्याच्या आवाजावरून मी सांगतो, लेक कुठली आणि सून कुठली. एवढा माझा अभ्यास. तोच मला नडला.

तर बायको आणि मेहुणा गेले समुद्रावरच्या हॉटेलात, आणि मी हवानात एका घरी भाड्याच्या खोलीत उतरलो. बायकोने माझ्या बॅगेत बेसन आणि घरचा मसाला कोंबला आणि जाता जाता बजावलं, ‘‘पाव्हनं म्हनून चाल्लाव, तं पाव्हन्यासारकं ऱ्हावा. कुनाचे घरान लक्ष घालू नका.’’

मी म्हटलं, लक्ष घातल्याशिवाय लिहिणार काय?

घर होतं ओदालीस नावाच्या बाईचं. माझ्याच वयाची, नवरा कधीचा सोडून गेलेला, दोन मुलं पदरात. पुढची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची, त्यावर घर चालायचं. पाहुण्यांशी बोलून बोलून तिला इंग्रजी यायचं. माझं इंग्रजी भिवंडीच्या शाळेतलं. दोघांचंही मोडकं असल्यामुळे एकमेकांना अगदी व्यवस्थित कळायचं.

आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी मला वाटलं, मी माझ्याच गावी आलोय. दारं सगळी सताड उघडी. कुणी कुणाच्याही घरात शिरतं, झुलत्या खुर्चीत बसतं, कॉफी पितं, निघून जातं. रेशनच्या दुकानात तांदूळ आला की बातमी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाते. एकीचा कांदा संपला की दुसरीच्या खिडकीशी हाक. बाप्ये उंबऱ्यापाशी टेबल मांडून डोमिनो खेळतात आणि सोंगटी अशी आपटतात की आपल्याकडच्या पॉवरलूमचा आवाज त्यापुढे कमी. त्या खटखटीत मला भिवंडीतल्यासारखी झोप लागायची. दिवसाउजेडीच लाईट जायची, भिवंडीत जायची तशीच. फरक एवढाच की आपण लाईट गेली की शिव्या देतो, आणि ही माणसं खुर्च्या घेऊन बाहेर येतात आणि गाणं म्हणतात. मला ते ‘एल इंदू’ म्हणायचे, म्हणजे इंडियावाला. दोन दिवसांत मी त्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा झालो.

त्या घरात तेव्हा एकच विषय होता. ओदालीसची मुलगी यानी पंधरा वर्षांची होणार होती. आता तुम्ही म्हणाल, होईल की, त्यात काय? तिथे त्यात सगळं असतं. मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे आपल्याकडचं लग्नच समजा, फक्त नवरामुलगा नसतो. झालरीचा मोठा झगा, फोटो, केक, नाच, अख्खी गल्ली जेवायला. ओदालीस वर्षभर त्याच्यासाठी राबत होती. अंडी जमवली, साखर जमवली, झगा कुठून तरी मागून आणून तो यानीच्या मापाचा केला. तिची म्हातारी आई मातान्झास नावाच्या गावात राहायची. त्या आजीने नातीसाठी स्वतः लेस विणायला घेतली होती. आजीची तब्येत मध्यंतरी बरी नव्हती, पण वाढदिवसाला येणार म्हणजे येणार, असं ओदालीस मला रोज सांगायची.

ओदालीसचा मोठा मुलगा रुबेन, विशीतला, सायकली दुरुस्त करायचा. मी आलो तेव्हा तो घरी नव्हता, आजीच्याच गावाला गेला होता. भिंतीवर त्याचा फोटो होता. डोक्यावर हे एवढे कुरळे केस.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी दारात बसून कॉफी पीत होतो आणि रुबेन घरी आला.

अंगात पांढरा सदरा, पांढरी पँट, पायांत पांढरे बूट, डोक्यावर पांढरी टोपी. आत येऊन त्याने टोपी काढली आणि माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. डोकं चकाचक भादरलेलं. आईने त्याला मिठी मारली नाही. त्याने एक चटई आणली होती, ती अंथरून तो जमिनीवर बसला. ओदालीसने त्याला वेगळ्या ताटलीत जेवण वाढलं आणि खाली ठेवलं. बहिणीने तर काय केलं, त्याच्या समोरच्या भिंतीवरचा आरसा चादरीने झाकून टाकला.

आता मला सांगा. तुम्ही कोनचे असता, वडप्याचे असता, भिवंडीचे असता, तर काय समजला असता?

मी कॉफी खाली ठेवली. म्हातारी गेली. नातू तिथेच होता, त्याने सगळं केलं, केस उतरवले आणि सुतक घेऊन घरी आला. माझ्यासारख्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा होत्या, तेवढ्या मला जरा खटकल्या, पण म्हटलं, ज्याची त्याची पद्धत.

खटकायला हवं होतं ते दुसरंच. ही माणसं रडत नव्हती. ओदालीस मुलाकडे बघून हसत होती. यानी गुणगुणत होती. मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या पोरीचा वाढदिवस. तिला कळू नये म्हणून मायलेक दुःख गिळून बसलेत. बाई गं, काय काळीज आहे तुझं, असं मी मनातल्या मनात म्हणालो, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ओदालीसने ते पाहिलं. ती जवळ येऊन म्हणाली, ‘‘तुम्हाला सांगायला हवं, रुबेनने काय केलंय ते. आमच्यात असं असतं की...’’

मी ओठांवर बोट ठेवलं. ‘‘नका बोलू,’’ मी म्हणालो. ‘‘मला कळलं. आमच्यातही असंच असतं.’’

ती बिचारी खूश झाली. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी माणसाला बोलायला लावत नाहीत, किती वाजता गेली, कशाने गेली, असं खोदत नाहीत. तेवढा पोच मला आहे. काय करता, त्या दिवशी नेमका पोचच आडवा आला.

मग मी रुबेनपाशी गेलो. त्याला शिवलो नाही. त्याच्या चटईला पाय लागू दिला नाही. थोडं अंतर ठेवून जमिनीवर मांडी घातली, मान खाली घातली आणि गप्प बसून राहिलो, समाचाराला गेल्यावर बसतात तसा. रुबेन चकित. त्याने आईला काहीतरी सांगितलं. ओदालीसने मला सांगितलं, तो म्हणतोय, बाहेरचे पाहुणे हात मिळवायला येतात, गळ्यात पडतात, फोटो काढतात, तुम्ही पहिले ज्यांना आमची रीत बरोबर माहीत आहे. झालं. माझी उरलीसुरली शंकाही गेली.

उठताना मी ‘येतो’ म्हटलं नाही. तेही माहीत आहे मला.

आता पुढचं कर्तव्य. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, नातेवाईक अन्न घेऊन जातात, त्याला आपल्यात कडू घास म्हणतात. इथे या लेकराबाळांना माझ्याशिवाय कोण आणणार? मी ओदालीसच्या हातातला डाव काढून घेतला आणि खुणेने सांगितलं, आज तुम्ही शेगडीपाशी यायचं नाही. तिला उद्याच्या स्वयंपाकाची शंभर कामं होती. ती म्हणाली, देवच पावला.

मी पिठलं केलं. बायकोने दिलेलं बेसन आणि घरचा मसाला. आमचा मसाला तुम्हाला माहीत आहे, आणि हात माझा पुरुषाचा, त्यात मन भरून आलेलं. भात तिथे असतोच. मी सगळ्यांना वाढलं, रुबेनला त्याच्या ताटलीत लांबून वाढलं, आणि बाजूला उभा राहिलो.

पहिल्या घासाला ओदालीस थांबली. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून धार लागली. यानी रडायला लागली. रुबेनने टोपीने नाक पुसलं. सगळं घर हुंदके देत होतं आणि एकमेकांना पाणी देत होतं.

मला केवढं बरं वाटलं! इतका वेळ कोंडून ठेवलं होतं ना, ते मोकळं झालं. मी मराठीतच म्हणालो, ‘‘रडा. रडून घ्या. हलकं वाटेल.’’

गल्लीत फोन एकच, शेजारच्या मिरताबाईंचा. सगळ्या गल्लीचे निरोप तिच्याच घरी यायचे आणि ती ते खिडकीतून ओरडून पोचवायची. मी तिच्याकडे जाऊन हॉटेलवर बायकोला फोन लावला आणि आवाज खाली करून सांगितलं, अगं, आजी गेली.

‘‘कोनाची आजी?’’

‘‘इथल्या घरची.’’

‘‘तुमाला कोनी सांगलं?’’

मी म्हटलं, सांगायला कशाला लागतं, पोराचं डोकं बघितलं मी.

तिने कपाळावर हात मारलेला मला फोनमधून ऐकू आला. मग म्हणाली, ‘‘आजून कोनाला सांगू नका. आमी परवा येताव, तवर गप ऱ्हावा.’’

मला राग आला. हजारो मैलांवरून आलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखात सामील होतोय आणि हिला त्याचं काहीच नाही. मी फोन खाली ठेवला. वळून बघतो तर मिरताबाई समोर उभी. माझा चेहरा बघून तिने छातीवर हात ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘काय झालं’ कुठल्याही भाषेत कळतं.

आता खरं सांगा, लपवायचं कसं? आणि मनात आलं, उद्या ही माणसं घरासमोर मोठे स्पीकर लावून नाचणार, ओदालीसच्या काळजाचं काय होईल? निदान गल्लीला तरी माहीत हवं. मी खिशातलं स्पॅनिशचं छोटं पुस्तक काढलं. ‘आजी’वर बोट ठेवलं. ‘मातान्झास’ तोंडाने म्हणालो. मग पानं उलटून ‘मरण पावणे’वर बोट ठेवलं. मग यानीचं नाव घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पोरीला कळू द्यायचं नाही.

मिरताबाईंनी पदर नसल्यामुळे एप्रन डोळ्यांना लावला. पाहुणा त्याच घरात राहतो, त्याच घरात जेवतो, तो खोटं कशाला सांगेल?

संध्याकाळी त्या गल्लीत डोमिनोची सोंगटी आपटली नाही. रेडिओ बारीक झाले. माणसं ओदालीसच्या दारावरून जाताना छातीवर क्रूस काढायची आणि आत बघून गोड हसायची. सगळ्यांनी पोरीपासून लपवलं. अख्ख्या हवानाने माझं सुतक धरलं म्हणा ना. मी खिडकीत बसून साप्ताहिकासाठी लेखाची सुरुवातसुद्धा मनात जुळवली. दुःख झाकून हसणारी माणसं, वगैरे.

दुसरा दिवस उजाडला. वाढदिवस. यानीच्या केसांना एका बाजूने रोलर लावून झाले होते. ओदालीस स्पीकरवाल्याची वाट बघत होती, तो येईना. केक मिरताबाईंच्या फ्रीजमध्ये होता, तो येईना. खुर्च्या मांडायला येणारी माणसं येईनात. ओदालीस सारखी दारात जाऊन यायची.

मग बायका आल्या. गडद रंगाचे कपडे, हातात फुलं, ओळीने. पुढे मिरताबाई. तिने सगळ्यांना यानी आत जाईस्तोवर थांबायला सांगितलं होतं, पण तिला स्वतःलाच थांबवेना. तिने ओदालीसच्या गळ्यात हात टाकले, तिच्या कानात काहीतरी म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

ओदालीस किंचाळली.

मी हजार मयती केल्यात. ती किंकाळी मला ओळखता येते. पहिल्यांदा बातमी ऐकणाऱ्या लेकीची ती किंकाळी. मी दोन पावलं मागे सरलो. कारण हिला तर काल कळलं होतं ना? मग ही आत्ता पहिल्यांदा कशी ऐकतेय?

ओदालीसने मिरताला गदागदा हलवून विचारलं, कुणी सांगितलं? मिरताने माझ्याकडे बोट दाखवलं. मग बाकीच्या बायकांनीही दाखवलं. खिडक्यांतूनही बोटं आली.

ओदालीस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘‘माझी आई गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’

मी हात वर केला आणि रुबेनच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

मग कळलं सगळं. रुबेन लहानपणी मरता मरता वाचला होता. आजीने तेव्हा देवाला बोललेलं, आणि ते आता फेडलं होतं. त्यांच्यात एक जुना धर्म आहे, त्यात देव माणसाच्या डोक्यात बसवतात. त्यासाठी केस उतरवायचे, मग वर्षभर पांढरे कपडे. पहिले काही महिने आरसा बघायचा नाही, चटईवर बसून जेवायचं, कुणी शिवायचं नाही. कारण तो माणूस नवा जन्मलेला. मी ज्याला मयतीचा वेश समजलो तो बारशाचा होता हो. आजी तिथे ठणठणीत होती आणि नातवाच्या विधीचा सगळा स्वयंपाक तिनेच केला होता, असं रुबेन रडकुंडीला येऊन सांगत होता.

मी म्हटलं, सुटलो. पण कुठला सुटतोय! ओदालीस म्हणाली, तो तिथून निघाला तेव्हा आई बरी होती. त्यानंतर काही झालं असेल तर? हा माणूस काल मिरताकडे फोनवर बोलत होता, तेव्हा मातान्झासचा निरोप आला असेल तर?

मी शपथा घेतल्या. माझ्या शपथेला आता कोण विचारतो? सगळी गल्ली मिरताच्या घरात. आजीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. घंटा वाजते, उचलत कुणी नाही. पुन्हा लावला. नाही.

ओदालीस झुलत्या खुर्चीत येऊन बसली, पण खुर्ची झुलत नव्हती. यानी अर्ध्या केसांना रोलर तसेच, झगा घातलेला, आईच्या पायाशी बसून राहिली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने मला घरात घेतलं, स्वतःचा कांदा-लसूण वापरू दिला, आणि मी तिच्या लेकीचा दिवस मातीत घातला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मयतीत पुढे पुढे केलं, रुबाब केला. त्या दुपारी पहिल्यांदा मी हात जोडून देवाला सांगितलं, बाबा, कुणी मेलेलं नसू दे. मला खोटा पाड. अख्ख्या गल्लीसमोर गाढव ठरव, पण म्हातारी जिवंत असू दे.

त्याने दोन्ही ऐकलं.

गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक थांबला. तिथे ट्रकमधून माणसं ये-जा करतात, आपल्याकडे वाडा तालुक्याच्या बाजूला पूर्वी करायची तशी. मागच्या फळीवरून एक काटकुळी म्हातारी उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेस गुंडाळलेली पुडी. ट्रक वाटेत बंद पडला म्हणून ती ड्रायव्हरला खाली उतरूनही बोलत होती. मग वळली आणि चालायला लागली.

डोमिनोवाल्यांतला एक जण उठून पळाला. एका बाईने फुलं टाकली. म्हातारी आपली सगळ्यांना विचारतेय, काय झालं, कोण गेलं? तिला सांगणार कोण, तूच गेलीस म्हणून?

ओदालीस धावत गेली आणि आईला अशी धरली की दोघी रस्त्यातच खाली बसल्या. यानीने दोघींच्या अंगावर झोकून दिलं. मी भिंतीला टेकून रडत होतो, आणि या वेळी त्यात मसाला नव्हता.

म्हातारीचं नाव कारिदाद. तिने सगळी हकिगत झुलत्या खुर्चीत बसून ऐकली. एकदाही हसली नाही. मग तिने लेकीला काहीतरी विचारलं. ओदालीसने मला सांगितलं, आई विचारतेय, माझ्यासाठी कोण कोण रडलं? मिरताने हात वर केला. बाकीच्या बायकांनी केले. म्हातारीने एकेकीला जवळ बोलावून गालाचा मुका घेतला. डोमिनोवाल्यांचे हात वर नव्हते, त्यांच्याकडे तिने नीट बघून ठेवलं.

मग मात्र ती गल्ली अशी कामाला लागली की बघत राहावं. स्पीकर आले. खुर्च्या आल्या. गडद कपड्यांतल्या बायका घरी पळाल्या आणि फुलाफुलांच्या कपड्यांत परत आल्या. केकचा थोडा घोटाळा झाला होता. वाढदिवस होत नाही म्हणून मिरताबाईंनी समाचाराला आलेल्यांना कॉफीबरोबर तो वाढायला सुरुवात केली होती. अर्धाच उरला. फोटो काढताना कापलेली बाजू भिंतीकडे केली. आजीने आणलेली लेस झग्याला लागली. यानी आईचा हात धरून नाचली, आणि मला आधी वाटलं होतं त्यापेक्षा तो वाढदिवस मोठाच झाला, कारण माणसं आता दोन कारणांसाठी नाचत होती.

मी कोपऱ्यात, माठामागे बसावं तसा पाण्याच्या पिंपामागे बसलो होतो. म्हातारीने मला तिथून शोधून काढलं. मनगट धरलं आणि ओढत मधोमध नेलं. ओदालीस म्हणाली, आईला सगळ्या गल्लीला दाखवायचंय, आपल्या दोघांत मेलेलं कोण आहे ते.

एक गाणं झालं. मी म्हटलं, झालं. तिने मनगट सोडलं नाही. दुसरं झालं. तिसऱ्या गाण्याला गोडाऊनच्या भाड्यावर पोसलेलं हे शरीर वाफ सोडायला लागलं. चौथ्याला माझे गुडघे वाकले आणि मी उंबऱ्यावर जो आडवा झालो तो झालो. डोळे मिटलेले, जीभ बाहेर, छाती भात्यासारखी. म्हातारीला घामाचा थेंब नाही.

गाणं बंद झालं. तिने वाकून माझ्या नाकाखाली दोन बोटं धरली. मान हलवली. मग उभी राहून सगळ्यांना मोठ्याने काहीतरी विचारलं आणि ओदालीस त्या दिवसात पहिल्यांदा हसली, पोट धरून हसली. मी पडल्या पडल्याच विचारलं, काय म्हणतेय?

‘‘आई म्हणतेय, हा तर गेला बिचारा. आता याच्यासाठी केस कोण उतरवणार?’’

मी एक डोळा उघडून बघितलं. एवढ्या माणसांत एक हात वर झाला नाही. सगळ्यांनी माना वळवून आतल्या खोलीत चटईवर बसलेल्या रुबेनकडे पाहिलं, तर त्याने घाईघाईने टोपी कानांपर्यंत खाली ओढून घेतली.